बाज: पक्षी, नाव आणि माणसं

माझा भाचा शहबाज नांदेडला सातवीत शिकतो. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तणाव होता, तेव्हा टीव्हीवर दिवसभर शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांचं नाव येत होतं. शिकवणीच्या वर्गात कुणीतरी त्याला विचारलं, ‘तुझं नाव पाकिस्तानातून आणलं का रे?’ सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर मात्र अम्मीला म्हणाला, माझं नाव बदला, आधार कार्डावर बदलता येतं.

बहिणीने फोन लावून त्याच्या हातात दिला. मी नेहमीचं उत्तर दिलं. शहबाज म्हणजे बाजांचा राजा, शाही बाज. बाज म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी. त्यावर त्याने विचारलं, ‘‘अपने इधर रहता क्या मामू वो?’’

मला सांगता आलं नाही. ज्या पक्ष्याच्या नावावर आम्ही पोरांची नावं ठेवतो, तो पक्षी आमच्याकडे राहतो की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नाच्या निमित्ताने पुढचे काही महिने जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

तीन बाज

मराठवाड्यात ‘बाज’ म्हटलं की पहिल्यांदा खाट आठवते. आमच्या वाड्यात सुंभाने विणलेल्या दोन बाजा होत्या, उन्हाळ्यात त्या अंगणात पडायच्या. दुसरा ‘बाज’ शब्दांच्या शेपटाला लागतो. दगाबाज, नखरेबाज, पतंगबाज, फटकेबाज. हा फार्सीतला प्रत्यय. ‘बाख्तन’ म्हणजे खेळणे या क्रियापदातून तो आला. पतंगबाज म्हणजे पतंग खेळणारा. त्याचा पक्ष्याशी संबंध नाही.

तिसरा बाज म्हणजे पक्षी. हा शब्दही फार्सीच. अरबीत त्याचं ‘बाज़ी’ झालं. ‘शहबाज’मधला ‘शह’ म्हणजे शाह. आपल्या शहाजीराजांच्या नावात आहे तोच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगितली जाते. म्हणजे माझ्या भाच्याच्या नावाचा पहिला अर्धा भाग महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. प्रश्न उरला पक्ष्याचा.

मुळात बाज कोणता?

आज मराठीत बाज, ससाणा, बहिरी, शिकरा ही नावं आपण सरसकट कुठल्याही शिकारी पक्ष्याला लावतो. कोंबडीचं पिल्लू उचलणारी घारसुद्धा काही ठिकाणी बाज होते. जुन्या पाळणाऱ्यांच्या भाषेत मात्र प्रत्येक नावाचा पक्षी ठरलेला होता.

हे लोक शिकारी पक्ष्यांचे डोळ्यांवरून दोन वर्ग करत. काळ्या डोळ्यांचे ‘सियाह-चश्म’ आणि पिवळ्या डोळ्यांचे ‘गुलाब-चश्म’. काळ्या डोळ्यांचे पक्षी लांब, टोकदार पंखांचे. ते उंच आभाळात चढून भक्ष्यावर कोसळतात. बहिरी, शाहीन, लगर हे त्यातले. पिवळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांचे पंख आखूड व रुंद आणि शेपूट लांब. ते झाडीत दबा धरतात आणि एकदम झेप घेऊन, झाडांमधून वळणं घेत पाठलाग करतात. आपला शिकरा यातला, आणि या वर्गातला सगळ्यात मोठा, सगळ्यात ताकदवान पक्षी म्हणजे बाज.

त्यातही बारकावा असा की काटेकोर अर्थाने ‘बाज’ म्हणजे फक्त मादी. नराला ‘जुर्रा’ म्हणत. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. बाजाची मादी साठ सेंटिमीटरपर्यंत भरते. ती ससा उचलते, जंगली कोंबडे पाडते. त्यामुळे पाळणाऱ्यांच्या लेखी तिचा मान मोठा आणि जातीचं नावही तिचंच. इतर पक्ष्यांच्याही अशा जोड्या होत्या. बाशा मादी, तर बाशीन नर. शिकरा मादी, तर चिपक नर. बेसरा मादी, तर धोती नर. तुरुमती मादी, तर चेतवा नर. म्हणजे ज्या नावाने आपण मुलांना मर्दानी म्हणून मिरवतो, ते मुळात मादीचं नाव आहे. हे कळल्यावर माझी बहीण फार खूश झाली.

पाठीवर राखाडी, छातीवर बारीक आडव्या रेघा, डोळ्यांवर पांढरी भुवई आणि वयाबरोबर पिवळ्याचे नारिंगी, कधी लाल होत जाणारे डोळे. युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंतच्या थंड प्रदेशातल्या जंगलांचा हा पक्षी. भारतात तो हिमालयात राहतो आणि हिवाळ्यात पायथ्याकडे उतरतो. महाराष्ट्रात तो राहत नाही. डोक्यावर तुरा असलेला त्याचा एक लहान नातलग सह्याद्रीच्या दाट जंगलात आढळतो, तेवढाच. भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की नाही, आपल्याकडे बाज राहत नाही. त्याचं नाव राहतं. ते कसं आलं, हाच इतिहास आहे.

नाव देताना वेगवेगळ्या लोकांनी काय पाहिलं, हेही बघण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचं नाव ‘गोस-हाफोक’, म्हणजे हंस-बदकांवर पडणारा ससाणा. त्याचंच पुढे ‘गॉसहॉक’ झालं. लिनियसने १७५८ मध्ये त्याला ‘जेंटिलिस’ म्हणजे कुलीन म्हटलं. आपला ‘ससाणा’ हा शब्द संस्कृत ‘शशादन’वरून आल्याचं मानतात. शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. अमरकोशात श्येनाच्या नावांत ‘शशादन’ आहे. कुणी त्याला त्याच्या भक्ष्यावरून ओळखलं, कुणी ऐटीवरून. ‘बहिरी’ हा तर अरबी-फार्सीतला ‘बहरी’, म्हणजे समुद्राकडचा. समुद्रकाठी वावरणाऱ्या या पक्ष्याला आपण ‘बहिरी ससाणा’ म्हणू लागलो, आणि आता कित्येकांना वाटतं की त्याला ऐकू येत नाही.

कल्याणीपासून कुमाऊँपर्यंत

शिकारी पक्षी पाळण्याची कला मुसलमानांनी भारतात आणली, असं सरसकट म्हटलं जातं. काही जण ते अभिमानाने म्हणतात, काही रागाने. दोघांनीही ‘मानसोल्लास’ पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-उस्मानाबादच्या सीमेला लागून. दख्खनेत सुलतानांचं राज्य यायला तेव्हा जवळपास पावणेदोनशे वर्षं बाकी होती. राजाच्या करमणुकींच्या यादीत या ग्रंथात ‘श्येनविनोद’ आहे, म्हणजे ससाण्यांकडून पक्षी मारवण्याचा खेळ. शिबी राजाच्या मांडीतलं मांस मागणारा श्येन तर त्याहून कितीतरी जुना.

दुसरा ग्रंथ ‘श्यैनिकशास्त्र’. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ हरप्रसाद शास्त्रींनी संपादित केला आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १९१० मध्ये छापला. यात आपला बाज ‘वाज’ होऊन येतो. एक हिंदू राजा संस्कृत श्लोकांत ससाण्यांचं शास्त्र सांगतो आणि पक्ष्याचं नाव मात्र फार्सी बाजदाराच्या तोंडचं वाटावं असं ठेवतो, हे मला फार बोलकं वाटतं. पक्षी कसा बसवायचा, काय खाऊ घालायचं, आजारी पडला तर काय करायचं, हे ज्याच्याकडून शिकायचं त्याचा शब्दही आपसूक येतो. गवंड्याकडून ओळंबा येतो, तसाच.

यहशूरचा जनाजा

इस्लामी जगात या पक्ष्यांना दरबारी करमणुकीपलीकडे स्थान होतं. कुरआनच्या सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे, अल्लाहचं नाव घेण्याच्या अटीवर. पुढे फकीहांनी त्यावर बारीक चर्चा केली. पक्षी खरोखर शिकलेला आहे हे कशावरून ठरवायचं? बोलावल्यावर परत येतो का? भुकेल्या कुटुंबाच्या ताटाशी जोडलेला हा प्रश्न होता.

सीरियातल्या शैज़रच्या किल्ल्यात वाढलेला उसामा इब्न मुन्किज़ (१०९५–११८८) हा सरदार आपल्या आठवणींत वडिलांच्या एका बाजाबद्दल लिहितो. त्याचं नाव यहशूर. तो तेरा वर्षं त्या घरात होता आणि घरातल्या माणसासारखाच झाला होता. शेजारच्या हमा शहराचा अमीर शिहाबुद्दीन महमूद दरवर्षी काही दिवसांसाठी यहशूरला मागून नेत असे. पुढे यहशूर मेला. काही काळाने उसामा हमाला गेला, तर सकाळी कुरआन पठणाचे आणि तकबीरचे आवाज आले. लोकांनी सांगितलं, अमीराची मुलगी वारली. त्याला जनाज्यात जायचं होतं, पण अमीराने जाऊ दिलं नाही. दफन करून लोक परतल्यावर अमीराने खुलासा केला. ती मुलगी नव्हती, तो यहशूर होता. तो मेल्याचं कळल्यावर अमीराने त्याला मागवून घेतलं, त्याच्यासाठी ताबूत करवला आणि रीतसर पुरलं. त्याची तेवढी योग्यता होती, असं त्याचं म्हणणं.

मौलवींनी यावर काय म्हटलं असतं ते उघड आहे. पण तेरा वर्षांचा सहवास त्या जनाज्यात दिसतो. यावरून आठवलं. बाज चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जाऊन स्वतःची चोच आपटून तोडतो, नखं उपटतो आणि आणखी तीस वर्षं जगतो, असा व्हॉट्सअॅप संदेश तुम्हालाही आला असेल. तो खोटा आहे. चोच तुटलेला बाज उपाशी मरेल. जंगलात बाजाला दहा-बारा वर्षं मिळाली तरी पुष्कळ. यहशूरची तेरा वर्षं म्हणजे नीट सांभाळलेल्या पक्ष्याचं आयुष्य.

पक्ष्याचं नाव सूफींनी उचललं तेही याच काळात. ज्यांची ग्यारवी आपल्याकडे गावोगावी होते, त्या शेख अब्दुल कादिर जीलानींना ‘अल-बाज़ अल-अशहब’, म्हणजे राखाडी बाज म्हणत. सिंधमधल्या सेहवानचे उस्मान मरवंदी, निधन १२७४, हे लाल शहबाज कलंदर झाले. त्यांच्या नावाचं गाणं गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातही वाजतं. बाज उंच जातो, पण हाक आली की धन्याच्या मनगटावर परततो. सूफींना त्यात माणसाचा जीव आणि त्याचा मालिक दिसला. पाकिस्तान नावाचा देश तेव्हा पुढची जवळपास सातशे वर्षं व्हायचा नव्हता.

बादशहाचा पक्षी, बाजदाराचा हात

अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी पक्ष्यांच्या खाण्याचा हिशेब दिला आहे. बाजाला सात दाम वजनाचं मांस, म्हणजे आजचे दीडशे ग्रॅमच्या आसपास. जुर्र्याला सहा, बहिरीला पाच, बाशाला तीन. संध्याकाळी चिमण्या वेगळ्या. बाजाला सात, बाशाला तीन. अबुल फज़ल हेही सांगतो की मोठमोठे पक्षी पदरी असताना अकबराची आवड होती ती छोट्या बाशाची.

जहांगीरच्या आठवणींत १६१९ ची एक नोंद आहे. इराणच्या शाह अब्बासने एक सुंदर शुंकार, म्हणजे उत्तरेकडचा मोठा ससाणा भेट पाठवला. वाटेत सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे मांजराने त्याला जखमी केलं आणि दरबारात आल्यावर आठवडाभरात तो मेला. बादशहाने उस्ताद मन्सूरला त्याचं चित्र काढायला लावलं. दख्खनेतही हा शौक होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं, हातावर पक्षी घेऊन घोड्यावर निघालेलं एक देखणं चित्र फर्रुख बेगने काढलेलं आहे. ते आज सेंट पीटर्सबर्गला आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत ‘शिकारखाना’ येतो. राज्य बदललं तरी खात्याचं नाव तेच राहिलं.

या सगळ्या चित्रांत राजाच्या हातावर पक्षी असतो. पण तो तिथे बसेपर्यंत आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच कुणाच्या हातावर बसलेला असायचा. बाज पिंजऱ्यात जन्मत नव्हता. तो जाळ्यात धरला जायचा, आणि माणसाची भीती मोडेपर्यंत त्याच्या पापण्या दोऱ्याने टाचून ठेवत. मग बाजदार त्याला मनगटावर घेऊन रात्र रात्र जागायचा, बाजारात फिरवायचा, हळूहळू टाके सैल करायचा आणि हातातून मांस भरवायचा. या कलेला रक्ताचा वास आहे, तिचं गोडवं गाण्याची माझी इच्छा नाही. चिमण्यांच्या बाजूने कुणी बाजनामा लिहिलेला नाही. पण ज्ञान होतं ते या बाजदारांकडे आणि मीरशिकारांकडे. नावं त्यांनी ठेवली, औषधं त्यांनी शोधली, आणि ग्रंथांवर नाव आलं राजाचं.

बंदुका आल्या, संस्थानं गेली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी धरणं गुन्हा ठरला. ते योग्यच झालं. पण हातातलं कसब कुठे गेलं? त्यातलं थोडं मुंबईला आलं. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी त्यांना इजा न करता पकडून पायात कडी घालावी लागते. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्यासाठी बिहारच्या मीरशिकार समाजातले पारधी बोलावले. त्यांतले अली हुसेन पुढे देशभरच्या पक्षी अभ्यासकांचे गुरू ठरले. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या अमीर-उमरावांसाठी पक्षी धरले, त्याच हातांनी ते कडी घालून सोडून दिले. सलीम अलींचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मीरशिकारांचं ठाऊक असायला हवं.

नांदेडचा बाज

दिवाळीत नांदेडला गेलो तेव्हा शहबाजला घेऊन हुजूर साहिबला गेलो. तो जन्मापासून त्या शहरात राहतो, दहादा तरी तिथे जाऊन आला असेल. बाहेरच्या दुकानांत गुरू गोविंदसिंगांच्या तसबिरी टांगल्या होत्या. १७०८ मध्ये याच शहरात त्यांचं निधन झालं. जवळजवळ प्रत्येक तसबिरीत त्यांच्या हातावर एक पांढरट पक्षी होता.

मी म्हटलं, ‘‘हा कोण, ओळख.’’

त्याने दुकानदाराला विचारलं. पगडीवाले म्हातारे सरदारजी म्हणाले, ‘‘बाज है बेटा, गुरूजी का बाज.’’ बाज हा पंजाबचा राज्यपक्षी आहे, हेही त्यांनी सांगितलं. मग त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. सरदारजींनी ‘‘वाह, शाही बाज,’’ म्हणून एक छोटी तसबीर कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

मला जे सांगायचं होतं ते त्या दुकानात आपोआप सांगून झालं. एकच शब्द गुरूंच्या हातावर असताना पूज्य आहे, संस्कृत ग्रंथात ‘वाज’ म्हणून शास्त्र आहे, आणि सातवीतल्या मुसलमान पोराच्या नावात आला की त्याचा पासपोर्ट विचारला जातो. शब्दात काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती विचारणाऱ्याची नजर. आणि तिला उत्तर द्यायचं तर आधी आपल्याला आपल्या नावांचा अर्थ नीट माहीत हवा. मला तो पोराने विचारेपर्यंत माहीत नव्हता.

परत येताना रिक्षात त्याला शशादनाची आणि ससाण्याची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, ‘‘मामू, हमारे क्लास में एक ससाणे है.’’ मग दोघं हसलो.

तसबीर त्याने अभ्यासाच्या टेबलावर ठेवली आहे, असं बहीण सांगते. नाव बदलण्याचा विषय त्याने परत काढलेला नाही. मीही विचारलेलं नाही.